टेकूचा पाय

फुटबॉलवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुधा गोलांविषयी असतं, नाहीतर माणसांविषयी. पेलेचं बालपण, मॅराडोनाचा तो हात, मेस्सीची उंची. बॉलला पाय लागतो तेव्हा नेमकं काय घडतं, यावरचं लेखन माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो आणि कोल्हापुरात राहतो, त्यामुळे फुटबॉल टाळणं मला शक्यच नाही. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम – कुस्तीच्या आखाड्याचा शब्द फुटबॉलच्या संघांनी अभिमानाने नावात मिरवावा, असं हे गाव आहे. गेली काही वर्षं मी सकाळी बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा सराव पाहतो आणि वहीत टिपणं करतो. निवडीच्या दिवशी एक गोष्ट हमखास दिसते. उंच, दांडगी मुलं घेतली जातात आणि एखाद्या लहानखुऱ्या पोराला ‘पायात दम नाही’ असं सांगून घरी पाठवलं जातं. हा दम शरीरात नक्की कुठे असतो, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

सुरुवात बॉलपासून करू. मोठ्यांच्या सामन्यातला बॉल ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. जोरदार किकमध्ये पाय आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो काळ साधारण एक शतांश सेकंदाचा. माणसाला डोळ्यांनी काही दिसून त्यावर हालचाल करायला याच्या पंधरा-वीस पट वेळ लागतो. म्हणजे पाय बॉलला लागला की खेळाडूच्या हातात काही उरत नाही. बॉल कुठे जाणार, किती वेगाने जाणार, हे त्याआधीच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात ठरून गेलेलं असतं. किक सुधारायची असेल तर हा आधीचा काळ पाहावा लागतो, आणि त्यासाठी नजर मारणाऱ्या पायावरून काढून दुसऱ्या पायावर न्यावी लागते.

या दुसऱ्या पायाला मी टेकूचा पाय म्हणतो. तो बॉलच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर पडला आणि त्याचा चवडा लक्ष्याकडे असला, तर निम्मं काम झालं. तो बॉलच्या मागे राहिला तर खेळाडूला बॉल गाठायला पाय लांबवावा लागतो, धड मागे कलतं, पाऊल बॉलच्या मध्याखाली शिरतं आणि बॉल आडव्या खांबावरून निघून जातो. तो फार जवळ पडला तर मारणाऱ्या पायाला वाटच उरत नाही. गुडघा किंचित वाकलेला हवा. ताठ गुडघ्यावर शरीराचा तोल सावरत नाही. बॉल आकाशात मारणाऱ्या मुलाला लोक ‘खाली वाक, खाली वाक’ म्हणून ओरडतात. त्याला नुसतं ‘पाय बॉलच्या शेजारी टाक’ म्हटलं तर धड आपोआप पुढे येतं.

आता मारणारा पाय. त्याची ताकद पोटरीत असते असा समज आहे. खरं तर हा पाय आसुडासारखा चालतो. आधी कंबर वळते, मग मांडी पुढे येते आणि गुडघा मात्र मागेच दुमडलेला राहतो. मांडीचा वेग कमी होऊ लागतो तशी नडगी सुटते आणि सगळा वेग पावलात उतरतो. आसूड ओढणाऱ्याचा हात फार वेगाने हलत नाही, पण वादीचं टोक कडाडतं. तोच हा प्रकार. म्हणून चांगले खेळाडू बॉलकडे सरळ धावत येत नाहीत, थोडे तिरके येतात. तिरकं आल्यावर कंबरेला वळायला जागा मिळते. उलट बाजूचा हात पसरतात तोही दिखाव्यासाठी नसतो. त्याने छातीपासून मांडीपर्यंत शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं आणि किकबरोबर तो ताण सुटतो.

शेवटची कडी म्हणजे घोटा. पावलाच्या पाठीने, बुटाची नाडी बांधतो त्या भागाने किक मारताना चवडा पूर्ण खाली ताणलेला हवा. बॉलचा धक्का पावलाला आणखी खाली दाबतो. पाऊल आधीच शेवटापर्यंत ताणलेलं असेल तर हाडं एकमेकांना अडतात आणि पाऊल नडगीशी एकजीव होऊन आदळतं. घोटा सैल असेल तर ते लवतं आणि वेगाचा काही भाग त्या लवण्यातच खर्ची पडतो. आमच्याकडचे प्रशिक्षक हे तीन शब्दांत सांगतात: ‘घोटा आवळ की!’ चांगल्या किकमध्ये बॉल पावलापेक्षाही जास्त वेगाने, सुमारे सव्वापट वेगाने, निघतो. पाऊल बॉलपेक्षा जड असतं आणि बॉल दबून परत उसळतो, म्हणून हे घडतं. पण त्यासाठी पावलामागे नडगीचं वजन घट्ट जोडलेलं असावं लागतं, आणि ती जोडणी घोट्यात असते.

याच संदर्भात आपल्याकडच्या अनवाणी फुटबॉलकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्या अकरांपैकी एकाच्याच पायात बूट होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि फ्रान्सकडून ते अवघ्या एका गोलाने हरले. या कथा आपण जिद्दीच्या म्हणून सांगतो, आणि त्या तशा आहेतच. पण त्यात यंत्रशास्त्रही आहे. अनवाणी पाऊल पूर्ण ताणता येतं, बॉल नेमका कुठे लागला ते कातडीला कळतं, आणि पुढच्या वेळी शरीर ते लक्षात ठेवतं. अनवाणी खेळाडूचं खरं नुकसान ओल्या मैदानावर होतं. तिथे टेकूचा पाय घसरतो.

किकइतकं कौतुक पासच्या वाट्याला येत नाही. सामना मात्र पासवर चालतो. पास पावलाच्या आतल्या बाजूने देतात. इथे पाऊल काटकोनात बाहेर वळवायचं, चवडा किंचित वर उचलायचा, घोटा पुन्हा घट्ट, आणि बॉलच्या मध्यावर आतल्या कमानीजवळचा सपाट भाग लावायचा. असा वळवलेला पाय आसुडासारखा सुटत नाही, म्हणून वेग कमी मिळतो. त्या बदल्यात रुंद, सपाट पृष्ठभाग मिळतो आणि दिशा हाती राहते. दिशेचं गणित निष्ठुर आहे. वीस मीटरवरच्या पासमध्ये पाऊल पाच अंशांनी चुकलं तर बॉल पावणेदोन मीटर बाजूला जातो. दोन अंशांनी चुकलं तर सत्तर सेंटिमीटर. एवढ्यात साथीदाराच्या पायाऐवजी बॉल प्रतिस्पर्ध्याच्या पायात जाऊ शकतो. दोन अंश म्हणजे टेकूच्या पायाचा चवडा डोळ्यांना कळेल न कळेल इतका वळणं. भिंतीवर खडूने विटेएवढा चौकोन काढून रोज शंभर पास मारणाऱ्या मुलाला हे गणित कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पास घेणं हा त्याचाच दुसरा भाग. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात, तसा इथे पाय मागे न्यायचा. येणारा बॉल दोन सेंटिमीटरांत थांबवण्याऐवजी वीस सेंटिमीटरांत थांबवला तर बळ दहापट कमी लागतं आणि बॉल उडत नाही, पायाशी राहतो. जाणते खेळाडू बॉल लांबच्या पायावर घेतात. त्याने शरीर उघडं राहतं, अर्धं मैदान समोर दिसतं, आणि पुढचा पास द्यायला टेकूचा पाय आधीच जागेवर असतो. पास देणाऱ्याने तो त्याच पायावर द्यायचा असतो. साथीदाराच्या दिशेने बॉल ढकलणं आणि त्याच्या नेमक्या पायावर बॉल पोचवणं, यांत तेवढं अंतर आहे.

बॉलला वळण देणारी किक लोकांना जादू वाटते. ३ जून १९९७ रोजी ल्यॉनमध्ये रोबेर्तो कार्लोसने फ्रान्सविरुद्ध सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक आजही पुन्हा पुन्हा दाखवली जाते. बॉल भिंतीच्या बराच बाहेरून गेला आणि मग आत वळला. त्याने पावलाच्या बाहेरच्या भागाने बॉलला मध्यापासून बाजूला मारलं होतं. फिरणारा बॉल हवेला एका बाजूला ढकलतो आणि हवा त्याला उलट बाजूला. माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम एकोणिसाव्या शतकापासून ओळखला जातो. याच्या उलट, बॉल जवळजवळ न फिरता गेला तर हवेत डगमगतो. २०१० च्या विश्वचषकात जबुलानी बॉलमुळे गोलरक्षकांनी जी तक्रार केली तिचं मूळ तिथे होतं. दोन्ही प्रकारांत फरक घडवणारी गोष्ट एकच: पाऊल बॉलच्या मध्यापासून किती बोटं दूर लागलं.

म्हणजे दम कुठे असतो? टेकूच्या पायाच्या जागेत, कंबरेच्या वळणात, आवळलेल्या घोट्यात आणि दोन अंशांत. यांतलं काहीही बाराव्या वर्षीच्या उंचीवर अवलंबून नाही. ताकदीचा वाटा नाही असं नाही, पण ताकद सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत येत राहते. घट्ट घोट्याची सवय मात्र लवकर लागली नाही तर पुढे फार कष्टाने लागते. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११६व्या मिनिटाला स्पेनसाठी गोल करणारा इनिएस्ता आणि मधल्या फळीत त्याच्या जोडीला असलेला झावी, दोघेही साडेपाच फुटांच्या आसपासचे. बारा वर्षांच्या झावीला एखाद्या मैदानावर दांडग्या पोरांच्या रांगेत उभं करून ‘पायात दम नाही’ म्हटलं असतं, तर तेही त्या क्षणी खरंच वाटलं असतं.

म्हणून निवड करणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. चाचणीत प्रत्येक मुलाला वीस मीटरवरून दहा पास द्यायला सांगा, पाच उजव्या पायाने, पाच डाव्या. बॉल कुठे गेला ते दुसऱ्या कोणाला तरी मोजू द्या. तुम्ही त्या वेळी फक्त टेकूचा पाय पाहा. तो दहाही वेळा योग्य जागी पडत असेल, तर पोराची उंची वहीत लिहायची गरज नाही.