टॅब ओढला, त्यात काय एवढं?

अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओत कुणीही टॅब ओढून एक पॅनल दुसऱ्यात बसवतो. याच युक्तीचं पेटंट अमेरिकेत अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं. २००२ मध्ये ज्युरीने ते ग्राह्य धरून प्रतिस्पर्धी मॅक्रोमीडियाकडून २८ लाख डॉलर भरपाई देववली.

आज युक्ती क्षुल्लक वाटते. पण पेटंट देताना प्रश्न अर्जाच्या तारखेचा असतो: तेव्हाच्या जाणकार, पण फार कल्पक नसलेल्या प्रोग्रॅमरला उपलब्ध गोष्टी जोडून हे सहज सुचलं असतं का?

मुंबईकराचा अर्ज अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात जातो. तिथे आणखी एक अडसर: भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. मेमरीची बचत होते, वेग वाढतो, असा तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो. निव्वळ सोयीचं बटण टिकणं कठीण. माझ्या मते ते बरंच आहे.