गुहेंतील हाडें काय सांगतात ?



“आदिमानव गुहेंत राहत असे,” हें वाक्य शाळेंत शिकवीत असतांना मीं मुलांकडून कितीदां तरी घोकून घेतलें असेल. आज त्याच वाक्याची थोडी दुरुस्ती करावयाची आहे.

गुहा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें अजिंठा-वेरूळचीं लेणीं उभीं राहतात. तीं माणसानें छिनीनें काळ्या पाषाणांत कोरलेलीं. परंतु दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्ग शहराच्या वायव्येस स्टर्कफॉन्टेन व स्वार्टक्रान्स येथें ज्या गुहा आहेत, त्यांचा शिल्पकार पाणी. तेथील डोलोमाइट हा खडक चुनखडीच्या जातीचा असून सुमारें २५० कोटी वर्षांचा जुना आहे. पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना कार्बन डायऑक्साइड वायु शोषून किंचित् आम्ल बनतें, आणि भेगांत शिरून खडकाला हळूहळू विरघळवितें. भूगर्भांतील पाण्याची पातळी खालीं गेली कीं आंतील पोकळी कोरडी पडते. पुढें तिचें छत ढासळत जाऊन शेवटीं जमिनीलाच भोंक पडतें, आणि आडासारखी एक उभी गुहा तयार होते.

या आडांत माती, दगड व हाडें पडत राहतात. वरून चुन्याचें पाणी ठिबकतें, आणि हा सारा ढीग काँक्रीटसारखा कठीण होतो. उघड्यावर पडलेलें हाड थोड्याच वर्षांत झिजून जातें. येथें तें लक्षावधि वर्षें टिकतें. चुन्यासाठीं सुरुंग लावून लोकांनीं हे थर फोडले, तेव्हां हाडें उजेडांत आलीं. १९४७ सालीं रॉबर्ट ब्रूम व जॉन रॉबिन्सन यांना स्टर्कफॉन्टेन येथें ऑस्ट्रॅलोपिथेकसची जी कवटी मिळाली, ती २० लक्षांहून अधिक वर्षांची आहे.

पण हाडें आंत आलीं कशीं ? आपले पूर्वज कसलेले शिकारी होते, आणि पशूंचीं हाडें हींच त्यांचीं शस्त्रें होतीं, असें रेमंड डार्ट यांचें मत होतें. सी. के. ब्रेन यांनीं मात्र स्वार्टक्रान्स येथील एका मानवसदृश बालकाच्या कवटीचा तुकडा तपासला. त्यावर दोन छिद्रें होतीं, आणि त्यांमधील अंतर बिबळ्याच्या खालच्या सुळ्यांमधील अंतराशीं तंतोतंत जुळलें ! उघड्या माळावर अशा विवरांच्या तोंडाशींच ओलावा असतो, म्हणून झाडेंही तेथेंच वाढतात. बिबळ्या आपली शिकार झाडावर नेतो. तिचे उरलेसुरले अवशेष खालच्या विवरांत पडले असले पाहिजेत.

म्हणजे तें बालक त्या गुहेचा रहिवासी नव्हतें, बिबळ्याचें भक्ष्य होतें. पुढील काळांत माणसानें गुहांत आसरा घेतला, तेथें अग्नि पेटविला, हें खरेंच. परंतु जेथें हाड सांपडलें तेथेंच घर होतें, असें मानण्यापूर्वीं तें हाड तेथें कोणीं आणलें, हें आधीं खडकाला विचारावें.

माझे जुने विद्यार्थी हें भाषण ऐकत असतील, तर त्यांनीं आपल्या वहींत एवढी दुरुस्ती अवश्य करून घ्यावी.