नेत्रद्वारें हृदयाची परीक्षा

करोनाच्या साथींत, २०२० सालीं, बोटाला चिमट्याप्रमाणें लावावयाचें ऑक्सिमीटर घरोघरीं परिचित झालें. रक्तांत प्राणवायु किती आहे हें तें क्षणांत सांगतें. परंतु तें सांगतें रोहिण्यांतील, म्हणजे शरीराकडे निघालेल्या रक्ताविषयीं. हृदय आपलें काम कसें करीत आहे हें जाणावयाचें, तर शरीरांतून परतणाऱ्या, नीलांतील रक्ताचीही परीक्षा केली पाहिजे.

याचें कारण आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञानें १८७० सालीं मांडलेल्या एका साध्या हिशेबांत आहे. समजा, एका मनुष्याचें शरीर दर मिनिटास २५० मिलिलिटर प्राणवायु वापरतें आणि प्रत्येक लिटर रक्त त्यास ५० मिलिलिटर देऊन परत येतें. तर हृदय मिनिटास ५ लिटर रक्त लोटीत असलें पाहिजे. तेंच हृदय दुबळें होऊन अडीच लिटरच लोटूं लागलें, तर प्रत्येक लिटरास १०० मिलिलिटर द्यावे लागतील. आणि परतणारें रक्त प्राणवायूनें अधिक रितें व काळसर होईल.

असें रक्त तपासण्यासाठीं रुग्णालयांत शिरेवाटे एक बारीक नळी हृदयांतून पलीकडे नेतात. हें रोज घरीं करतां येत नाहीं. इकडे दुबळ्या हृदयाच्या वृद्धास पायांवर सूज व रात्रीं धाप दिसूं लागेपर्यंत पुष्कळदां बरेंच बिघडलेलें असतें.

येथें डोळा साहाय्यास येतो. हेल्महोल्ट्झ यांनीं १८५१ मध्यें नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून त्वचेस धक्का न लावतां, बाहुलींतून दृष्टिपटलावरील रोहिण्या व नीला पाहतां येतात. आतां त्यांचीं दोन रंगांच्या प्रकाशांत छायाचित्रें घेतात. ५७० नॅनोमीटरचा प्रकाश दोन्ही प्रकारचें रक्त सारखाच शोषून घेतें. ६०० नॅनोमीटरचा मात्र प्राणवायुहीन रक्त अधिक शोषतें. दोहोंची तुलना केली कीं प्राणवायूचें प्रमाण निघतें. निरोगी डोळ्यांत तें रोहिण्यांत शेंकडा ९० च्या वर, तर नीलांत शेंकडा ५५ ते ६० च्या सुमारास आढळतें. आइसलंडमधील संशोधकांनीं या यंत्रावर बरेंच काम केलें आहे.

तथापि उतावीळ होऊं नये. दृष्टिपटल आपला रक्तपुरवठा पुष्कळ अंशीं स्वतःच सांभाळतें, म्हणून तेथील आंकडा सर्व शरीराचा असेलच असें नाहीं. मोतीबिंदूनें चित्र अंधुक होतें. मधुमेहानेंही आंकडे बदलतात. यास्तव ही रीत अद्याप संशोधनाच्या अवस्थेंत आहे. नळीची किंवा वैद्याची जागा तिनें घेतलेली नाहीं.

परंतु दृष्टिपटलाची साधी तपासणी आजही उपलब्ध आहे. रक्तदाब व मधुमेह यांच्या खुणा तेथें दिसतात, आणि हे दोन्ही विकार हृदयाचे शत्रु आहेत. दृष्टि स्वच्छ असतांनाही आंत बिघाड सुरू झालेला असूं शकतो. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडीलधाऱ्यांस यांपैकीं एखादा विकार असेल, तर त्यांच्या डोळ्यांची अशी तपासणी शेवटीं केव्हां झाली, हें आजच विचारा. आणि मधुमेह असल्यास ती दरवर्षी होईल असें पाहा.