एकादशीचे व्रत आणि मधुमेहाची गोळी

आषाढ शुद्ध एकादशीला भगवान श्रीविष्णू क्षीरसागरात योगनिद्रेत जातात, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून तिला शयनी एकादशी म्हणावयाचे. तेथपासून कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीपर्यंत चातुर्मास चालतो, आणि या चार महिन्यांत आपल्या घरांतील स्वयंपाकाचे वेळापत्रक पार पालटून जाते. श्रावणी सोमवार, हरतालिका, जन्माष्टमी, नवरात्र, दर महिन्याच्या दोन एकादश्या आणि चंद्रोदयाची वाट पाहावयास लावणारी संकष्टी! घरातील वडीलधारी मंडळी, त्यांतही माताभगिनी, हे सारे निष्ठेने पाळतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या देवघराशेजारच्या फडताळात आज मधुमेहाच्या गोळ्यांची डबी असते. उपवासाचे दिवस पंचांगात छापलेले असतात. गोळीची वेळ मात्र पंचांगाला ठाऊक नसते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, एवढाच या लेखाचा विषय.

आम्ही तो हाती घेतला याला आमच्या घरचाच एक प्रसंग कारण आहे. आमच्या आत्याबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. मधुमेह जुना; सकाळी न्याहारीपूर्वी एक गोळी, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या एकादशीलाही स्नान-पूजा उरकून त्यांनी गोळी घेतली. न्याहारी अर्थातच नव्हती. दुपारच्या फराळाची खिचडी वहिनींनी झाकून ठेवली होती, पण देवळातले कीर्तन लांबले आणि फराळ राहूनच गेला. चारच्या सुमारास त्या घरी आल्या त्या घामाने डबडबलेल्या. बोलणे तुटक, वहिनींना भलत्याच नावाने हाका मारीत होत्या. उपवास लागला असेल, घटकाभर पडू द्यावे, असे घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ठरविले. आणि त्या शहाण्यांत आम्हीही होतो. अर्ध्या तासाने उठवावयास गेलो तर त्या जाग्या होईनात.

रुग्णालयात रक्तातील साखर पाहिली ती ३८ भरली. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. शिरेतून ग्लुकोज जाऊ लागताच काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि आरती झाली का, असे विचारले. आम्हांला वाटले, संकट टळले, आता घरी न्यावे. डॉक्टरांनी मात्र ठाम नकार दिला. गोळीचा अंमल अजून संपलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि खरोखरच रात्री दोनच्या सुमारास साखर पुन्हा घसरली. त्या वेळी आत्याबाई घरी आपल्या अंथरुणात असत्या तर सर्वांनी त्यांना गाढ झोप लागली असेच मानले असते.

हे का घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. आत्याबाईंची गोळी ग्लिमेपिराइड या औषधाची होती. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही तिचीच भावंडे. या कुळाला सल्फोनिलयुरिया म्हणतात. त्याचा शोध मोठा विलक्षण रीतीने लागला. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे डॉ. मार्सेल जांबाँ विषमज्वराच्या रोग्यांवर एका नव्या सल्फा औषधाचा प्रयोग करीत होते. ज्वराने खंगलेल्या, पोटात फारसे अन्न नसलेल्या त्या रोग्यांची साखर एकाएकी इतकी उतरू लागली की काही दगावलेही. त्यांचे सहकारी ऑगस्त लुबातिएर यांनी पुढे कारण शोधून काढले: हे द्रव्य स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास भाग पाडते. म्हणजे उपाशी माणसाची साखर धोकादायकपणे उतरते, या निरीक्षणातूनच हे औषध जन्माला आले आहे. पोटात अन्न आहे की नाही याची ते चौकशी करीत नाही. घेतले की काम करणार. वृद्धांच्या मूत्रपिंडांची शक्ती मंदावलेली असते, त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते, आणि म्हणूनच आत्याबाईंची साखर रात्री दुसऱ्यांदा उतरली.

मधुमेहाच्या साऱ्याच गोळ्या मात्र अशा नाहीत, आणि येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. सर्वांत अधिक घेतली जाते ती मेटफॉर्मिन. ती स्वादुपिंडाला डिवचीत नाही. यकृतातून होणारी साखरेची निर्मिती आवरते. एकटी असेल तर तिच्याने साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाही. तिची तक्रार पोटाची: अनशापोटी घेतली तर मळमळ, जुलाब. म्हणून ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावयाची. मूत्रपिंडे बरीच बिघडली असतील, किंवा उलट्या-जुलाबांनी शरीर सुकले असेल, तर मात्र ती थांबवावी लागते. डॉक्टरांना लगेच कळवावे. शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते, आणि आपल्या आहारात ते मुळातच थोडे. पायांना मुंग्या येतात, आपण मधुमेहाला दोष देऊन मोकळे होतो. कारण कधी कधी हे निघते.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्याही एकट्याने घेतल्यास साखर फारशी खाली नेत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांची तऱ्हा निराळी. त्या मूत्रावाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर टाकतात. हरतालिकेसारख्या निर्जळी व्रतात ही गोळी घेणे म्हणजे एकीकडून पाणी बंद आणि दुसरीकडून गळती चालू. शिवाय दीर्घ उपवासात या गोळीमुळे क्वचित रक्तात आम्ल साचते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात आणि साखर मोजली तर ती फार चढलेली नसते, त्यामुळे फसगत होते. निर्जळी व्रतापूर्वी ही गोळी थांबवावयाची का आणि किती दिवस आधी, हे डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. मधुमेहींनी निर्जळी व्रत करूच नये, असेच आमचे मत आहे.

आता खरी मेख अशी की आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन औषधे एकाच गोळीत एकत्र मिळतात. 'मी एकच साधी गोळी घेते' असे म्हणणाऱ्या आजींच्या त्या एका गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड दडलेले असते. पट्टीच्या मागील बारीक अक्षरे नातवंडांकडून वाचून घ्यावीत आणि औषधांची नावे मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून ठेवावीत. याच पट्टीवर 'एसआर', 'ईआर' किंवा 'एक्सआर' अशी अक्षरे असतील तर ती गोळी सावकाश विरघळावी अशी बनविलेली असते. खलात कुटून मधातून चाटण देण्याची आपली जुनी पद्धत तिला चालत नाही. कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

औषध घेतल्याने व्रत मोडते काय, ही शंका अनेक भाविकांच्या मनात घर करून असते, आणि तिच्यापोटी गोळी लपवून टाकून देणारेही आम्ही पाहिले आहेत. या शंकेचे उत्तर खुद्द पंढरपुरातूनच मिळते. काशिनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी इ. स. १७९० च्या सुमारास तेथे 'धर्मसिंधु' हा ग्रंथ सिद्ध केला. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी आपल्या धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत व या ग्रंथातही त्या आल्या आहेत. जल, मूळ, फळ, दूध यांच्या पंक्तीला औषधही तेथे आहे. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याने फलाहार करावा, नक्त करावे, किंवा पुत्रादिकांकडून प्रतिनिधी म्हणून व्रत करवून घ्यावे, अशा सवलतीही शास्त्रकारांनी ठेवल्या आहेत. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजल्याने व्रताला बाध येतो असेही कोठे म्हटलेले नाही. शास्त्रकारांहून आपण अधिक कडक होण्याचे कारण काय?

मात्र दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच मोठी. उपवास आहे म्हणून सारी औषधे बंद, आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर केळे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रक्तात त्याची साखर व्हावयास वेळ लागत नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, ताक, दही, काकडीची कोशिंबीर हे सौम्य. खिचडी खावयाचीच तर लहान वाटीभर घ्यावी, शेंगदाण्याचे कूट सढळ घालून.

गोळी घ्यावी की टाकावी, याचा निर्णय आदल्या रात्री आपल्या मनाने करू नये. व्रताच्या आठ-दहा दिवस आधी कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि उपवास कसा करणार ते स्पष्ट सांगावे: दुपारी फराळ आहे की नाही, रात्री काय, चंद्रोदयाला जेवण असेल तर किती वाजता. सल्फोनिलयुरियाची सकाळची गोळी डॉक्टर बहुधा कमी करतात किंवा मुख्य आहाराच्या वेळेवर सरकवितात. कोणाला त्या दिवसापुरती बंदही ठेवावयास सांगतात. चुकलेली गोळी द्वादशीच्या पारण्याला दुप्पट घेऊन भरून काढू नये. कारल्याचा रस किंवा कसली चूर्णे चालू असतील तर तेही लपवू नये. गोळीच्या जोडीला तीही साखर उतरवितात. ज्यांना नुकताच साखर उतरण्याचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे हृदय वा मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांना डॉक्टर उपवासच नको म्हणतील. तेथे हट्ट धरू नये.

आणि तरीही साखर उतरलीच तर? घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, भुकेची कळ, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलण्यात गोंधळ: यांतले काहीही दिसले की व्रत तेथेच सोडावे. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना कंप आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र सुटतो. साखर मोजता आली तर मोजावी, नाहीतर त्यासाठी थांबू नये. ग्लुकोजची भुकटी तीन-चार चहाचे चमचे पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा द्यावी, मग काही खावयास घालावे. घरात ग्लुकोज नसेल तर साखरपाणी चालते, पण याला एक अपवाद आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची गोळी चालू असेल तर साखर किंवा गूळ पोटात लवकर विघटितच होत नाही. तेथे ग्लुकोजच हवे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, तीर्थ, काहीही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. थेट रुग्णालय गाठावे. आणि सल्फोनिलयुरिया घेणारा शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखविल्याशिवाय निर्धास्त होऊ नये.

वारकरी बंधूंसाठी दोन शब्द. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी तुडविताना स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतात. घरी बेताची असणारी मात्रा वाटेवर जड होऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वीच मात्रा ठरवून घ्यावी. गोळ्यांच्या पट्ट्या पावसात भिजणार नाहीत अशा डबीत ठेवाव्यात, औषधांच्या नावांचा कागद खिशात असावा आणि आपल्याला मधुमेह आहे हे दिंडीतल्या सोबत्याला माहीत असावे. अनवाणी चालण्याचा नेम मात्र मधुमेहींनी सोडावा. बधिर झालेल्या पायाला रुतलेला काटा कळत नाही.

आमच्या आत्याबाई आजही एकादशी करतात. डॉक्टरांनी त्यांची ती गोळी बदलून दुसरी दिली आहे. फराळ बाराला म्हणजे बाराला. माळेच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी असते. आणि कीर्तन लांबलेच, तर वहिनी डबा घेऊन देवळात जातात. खांबाआड बसून आत्याबाई दोन घास खातात, आणि बुवाही तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहतात.