एकाच जागी उभं असलेलं जहाज

"दोन महिने जहाजावर? मग कुठकुठली बंदरं पाहिलीस?" गणपतीच्या कार्यक्रमात हा प्रश्न मला हमखास येतो आणि उत्तर ऐकून मंडळींचा हिरमोड होतो. मध्ये नुसतं पाणी, तेही बहुतेक वेळ एकाच जागचं!

'जॉइडीस रिझोल्यूशन' हे १४३ मीटर लांबीचं जहाज समुद्रतळाला भोक पाडून खालचा गाळ नि खडक वर काढायचं. १९७८ साली तेल शोधण्यासाठी बांधलेलं, १९८५ पासून विज्ञानाच्या कामाला लागलेलं. २०१५ मध्ये मान्सूनचा इतिहास शोधायला ते आपल्या अरबी समुद्रातही येऊन गेलं. २०२४ मध्ये निधी थांबला आणि हे काम संपलं.

माझी फेरी पॅसिफिकमधली, उपकरणांच्या देखभालीसाठी. खाली काही किलोमीटर पाणी, त्यात सोडलेला पाइप. जहाज सरकलं की पाइपाची वाट लागलीच म्हणून समजा. इतक्या खोलीत नांगर काय कामाचा? म्हणून १२ थ्रस्टर त्याला अहोरात्र जागच्या जागी धरून ठेवायचे. डुलणं मात्र चालूच. जिने माळ्याच्या शिडीसारखे उभे, एक हात कायम कठड्याला. दारांना नडगीला लागतील असे लोखंडी उंबरठे. 'उंबरठ्यावर पाय देऊ नये' ही आईची शिकवण तिथे कामी आली!

पाळी बारा तासांची, जेवण दिवसातून चारदा. खोली दोघांत एक, पण पाळ्या उलट. एक कामावर असताना दुसरा झोपणार, म्हणून आपल्या पाळीत खोलीकडे फिरकायचंच नाही, हा अलिखित नियम. माझा सोबती टेक्सासचा. पाळी बदलताना "हॅलो" म्हणायचो, तेवढीच ओळख.

पाचव्या आठवड्यात साताऱ्याहून ई-मेल आली. बाबांना हार्ट अ‍ॅटॅक, आयसीयूत आहेत. जहाजावर कुणी गंभीर आजारी पडलं तर जहाज बंदराकडे वळतं. घरी कुणी पडलं तर नाही. हे सही करतानाच माहीत होतं. तरी एकटं बसायला जागा हवी होती, आणि तीच नव्हती. डेकवर ड्रिलिंगची घरघर, लॅबमध्ये माणसं, खोलीत तो झोपलेला.

तासाभराने तोच विस्कटलेल्या केसांनी लॅबमध्ये आला. कुणीतरी उठवून सांगितलं असणार. म्हणाला, "जा, खोली रिकामी आहे. माझी झोप झाली."

त्याला झोपून जेमतेम दोन तास झाले होते. मी दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडलो.

बाबा पुढे बरे झाले. त्या रात्री तो मात्र कॉफीवर कॉफी पीत, पेंगत पेंगत आपली बारा तासांची पाळी करत होता.