जड पाणी, हलके पाणी

ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडाच्या परिसरातील पावसाचे पाणी धरणात साठते तेव्हा बहुधा हलके असते. परंतु तेच काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरून, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून, विंधनविहिरीवाटे नळास येते तेव्हा जड होते, साबणास फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो.

मर्यादा : भारतीय मानक १०५०० (२०१२) अन्वये एकूण काठिण्य (जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ग्राह्य, अन्य उद्भव नसल्यास ६०० पर्यंत.

उपाय : बायकार्बोनेटचा जडपणा उकळल्याने जातो, सल्फेट-क्लोराइडचा राहतो.

सावधगिरी : हलके पाणी निर्जंतुक असतेच असे नव्हे, जंतुपरीक्षा निराळी. याच जिल्ह्यातील ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, तेथील पाड्यांनाही तपासलेले पाणी मिळणे हा त्यांचा हक्कच होय.