विषाणूची बारा हजार अक्षरं

मुलांनो, पिसाळलेलं कुत्रं चावलं की रेबीज होऊ शकतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण एखाद्या आजारी माणसाला रेबीजच झालाय, हे डॉक्टर कशावरून ओळखत असतील? 'तो पाण्याला घाबरतो त्यावरून!' असं तुम्ही चटकन सांगाल. बरोबर, पण अर्धंच. काही रोग्यांना पाण्याची भीती वाटतच नाही. त्यांचे हातपाय हळूहळू लुळे पडत जातात. असे लुळेपणा आणणारे आजार दुसरेही आहेत, त्यामुळे भलेभले डॉक्टर इथे चकतात. त्यातून कुत्रं चावल्याला कधी कधी कित्येक महिने उलटून गेलेले असतात. घरातलं कुणी ते सांगतही नाही.

खात्रीची तपासणी जुन्या काळी एकच होती, ती म्हणजे मेंदूची. १९०३ साली अडेल्की नेग्री या इटालियन डॉक्टरांना पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट ठिपके दिसले. पुढे याहून चांगल्या तपासण्या निघाल्या, पण मेंदूचा तुकडा त्यांनाही लागायचाच. म्हणजे उत्तर मिळणार, ते रोगी गेल्यावर!

जिवंत माणसाच्या बाबतीत मग काय करायचं? इथे विषाणूचीच एक सवय उपयोगी पडते. तो नसांमधून चढत मेंदूत पोचतो आणि तिथून पुन्हा नसांच्याच वाटेनं लाळेच्या ग्रंथींत आणि कातडीत उतरतो. म्हणून रोग्याची लाळ घेतात, पाठीच्या कण्यातलं पाणी घेतात आणि मानेच्या मागचा केसांसकट कातडीचा अगदी छोटा तुकडा घेतात. मानेचाच का? तर तिथे केसांच्या मुळाशी बारीक नसांचं जाळं असतं.

आता गंमत पुढेच आहे. रेबीजच्या विषाणूची सगळी 'कृती' आरएनए नावाच्या एका धाग्यावर लिहिलेली असते. अक्षरं फक्त चार : ए, सी, जी आणि यू. तीच उलटसुलट येऊन सुमारे बारा हजार अक्षरांचा मजकूर होतो. तो वाचणं म्हणजे जनुकक्रम वाचणं.

समजा, रद्दीच्या दुकानात कुणी पुस्तकं फाडून कपट्यांचा डोंगर केलाय. बहुतेक सगळे कपटे एकाच जाडजूड ग्रंथाचे आहेत. हा ग्रंथ म्हणजे रोग्याच्या स्वतःच्या पेशी. यंत्र एकेक कपटा वाचतं. संगणक माणसाचे कपटे बाजूला सारतो आणि उरलेले ओळखीच्या जंतूंच्या मजकुराशी ताडून बघतो. त्यात रेबीजची एखादी ओळ सापडली, की चोर पकडला!

पीसीआर नावाची तपासणी याहून जलद आणि स्वस्त आहे. पण 'रेबीज शोध' असं तिला आधी सांगावं लागतं. डॉक्टरांच्या मनात रेबीजची शंकाच आली नाही, तर? सगळेच कपटे वाचणाऱ्या यंत्राला असा हुकूम लागत नाही. अर्थात तेही फसतं. लाळेत विषाणू कधी असतो, कधी नसतो. एकदा सापडला नाही म्हणून रेबीज नाही, असं म्हणता येत नाही. म्हणून नमुने पुन्हापुन्हा घ्यावे लागतात.

हे सगळं वर्गात सांगत होते, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, पण रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचतच नाही ना? मग वाचून उपयोग काय?" प्रश्न अगदी रास्त होता. लक्षणं दिसू लागल्यावर वाचलेली माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच म्हणायला हवीत.

तिला मी अमेरिकेतली एक हकिगत सांगितली. २०११ साली फ्लोरिडात एक तरुण मेंदूच्या आजारानं गेला. मासे खाऊन विषबाधा झाली असावी, असं डॉक्टरांना वाटलं. त्याचं हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडं चार रोग्यांना बसवली गेली. दीड वर्षानं, २०१३ साली, त्यांतलाच एक जण मेरीलँडमध्ये रेबीजनं वारला. त्याला तर कुठलं जनावर चावल्याचं माहीत नव्हतं! मग त्या तरुणाचे जपून ठेवलेले नमुने बाहेर काढले. दोघांच्या विषाणूंची अक्षरं शेजारीशेजारी ठेवली, तर ती ९९.९ टक्क्यांहून अधिक जुळली. बोलण्यावरून माणूस कोल्हापूरचा की नागपूरचा ते कळतं, तसं अक्षरांवरून विषाणू कुठल्या जनावराचा तेही कळतं. हा होता रॅकूनचा. डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजरापेक्षा थोडा मोठा असा हा तिकडचा प्राणी.

तो तरुण जिवंत असतानाच हा मजकूर कुणी वाचला असता, तर ते अवयव कुणालाच दिले गेले नसते. उरलेल्या तिघांना मात्र लगेच लस टोचली. तिघांपैकी कुणालाही रेबीज झाला नाही.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत जिवंत रोग्यांच्या नमुन्यांवरून रेबीजचं निदान केलं जातं. अहवालात रेबीज आला, की रोग्याची लाळ ज्यांच्या डोळ्यांत, तोंडात किंवा जखमेत गेली असेल, अशा घरच्यांना आणि परिचारिकांना लस देता येते. ते कुत्रं गल्लीत आणखी कुणाला चावलं, याचीही विचारपूस सुरू करता येते. अशा मुलाची जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन, लस सुरू करून, गरज असेल तर जखमेत तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन देऊन त्याला वाचवता येतं, कारण त्याच्या मेंदूपर्यंत विषाणू अजून पोचलेला नसतो.